शस्त्राचे पूजन, शस्त्राची निगा

(खंडेनवमीच्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. वक्ते भूदलातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले असून सेवेतील बरीच वर्षे त्यांनी पलटणीचे शस्त्रागार सांभाळले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे व पलटणीचे नाव येथे दिलेले नाही.)



सत्तावीस वर्षे मी सैन्यात होतो. त्या काळात माझ्या तोंडून जे शब्द मोठ्याने बाहेर पडले, ते बहुतेक कवायतीच्या मैदानावरचे. व्याख्यान देण्याचा प्रसंग कधी आला नाही. त्यामुळे संयोजकांचे निमंत्रण आले तेव्हा मी प्रथम नकारच दिला. परंतु त्यांनी सांगितले की, दिवस खंडेनवमीचा आहे आणि विषय शस्त्राचाच हवा. मग नाही म्हणणे जिवावर आले. शस्त्रागार सांभाळणाऱ्या माणसाचा वर्षातला खरा सण हाच. पलटणीत शस्त्रागाराला 'कोत' म्हणतात. त्या कोतात मी अनेक खंडेनवम्या पाहिल्या. बंदुका ओळीने मांडलेल्या, त्यांना झेंडूची फुले वाहिलेली, हळदीकुंकवाची बोटे उमटलेली आणि समोर सारी पलटण हात जोडून उभी. ते दृश्य आजही डोळ्यांसमोरून हलत नाही.

आज मी आपल्याशी त्या ओळीतल्या एकाच शस्त्राविषयी बोलणार आहे. ते ओळीतले सर्वांत आखूड आणि दिसायला सर्वांत सामान्य शस्त्र होते. घडीच्या दस्त्याची ९ मिलिमीटरची कार्बाईन. तिची वाखाणणी करावी असा माझा हेतू नाही आणि तिला नावे ठेवावीत असाही नाही. वापरणाऱ्याला ती कशी वाटली, ती केव्हा साथ देई, केव्हा दगा देई आणि त्या दग्यात तिचा दोष किती व आमचा किती, एवढेच मला सांगायचे आहे.

'माझे शस्त्र' म्हणजे काय?

एक गोष्ट प्रथम स्पष्ट करतो. अशा स्वयंचलित शस्त्राचा खासगी मालक आपल्या देशात सामान्य नागरिक होऊ शकत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने ही शस्त्रे निषिद्ध वर्गात टाकलेली आहेत आणि ते योग्यच आहे. मग मी 'माझी कार्बाईन' असे म्हणतो, ते कोणत्या अधिकाराने? कोताच्या वहीत जवानाच्या नावापुढे शस्त्राचा क्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक त्याला स्वतःच्या सैनिक क्रमांकाइतकाच पाठ असतो. अर्ध्या रात्री उठवून विचारला तरी तो सांगतो. शस्त्र राष्ट्राचे, जबाबदारी मात्र त्याची. कागदावरच्या मालकीपेक्षा ही मालकी अधिक कठोर असते, असा माझा अनुभव आहे.

'कार्बाईन' हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण तो तसा परका नाही. जुन्या मराठीत 'कडाबीन' हा शब्द होता आणि मोल्सवर्थच्या कोशातही तो सापडतो. घोडेस्वाराला लांब बंदूक सांभाळणे अवघड, म्हणून त्याच्यासाठी आखूड नळीची बंदूक. कडाबिनीचे प्रयोजन एवढेच. आज घोडा गेला, पण प्रयोजन तेच राहिले. वाहनाचा चालक, वायरलेस पाठीवर घेतलेला जवान, उखळी तोफेवरचा माणूस, अरुंद जिन्यात शिरणारा शिपाई, विमानातून उडी घेणारा छत्रीधारी सैनिक, या सर्वांचे मुख्य काम वेगळे असते आणि शस्त्र त्या कामाच्या आड येऊन चालत नाही. आमच्या वेळची ७.६२ ची एसएलआर रायफल सव्वाचार किलोंहून जड आणि एक मीटरहून लांब होती. ती घेऊन जीपच्या चाकामागे बसून पाहा, म्हणजे कार्बाईन कशासाठी हे कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

डॅगनहॅमहून कानपूरला

घडीचा दस्ता ही कल्पना दुसऱ्या महायुद्धात विशेष रूढ झाली. अमेरिकेने १९४२ मध्ये आपल्या छत्रीधारी सैनिकांसाठी 'एम१ए१' ही कार्बाईन काढली. तिचा तारेचा दस्ता बाजूला दुमडत असे. मात्र उघडलेला दस्ता जागी पक्का अडकवणारी कडी तिला नव्हती, तो केवळ स्प्रिंगच्या ताणावर उभा राही. घडीच्या दस्त्याची पहिली परीक्षा ही असते: उघडल्यावर तो हलतो की नाही? जो हलतो तो नेम बिघडवतो.

त्याच काळात ब्रिटिशांनी घाईघाईने लक्षावधी स्टेनगन तयार केल्या. स्वस्त, ओबडधोबड आणि अडचणीच्या वेळी उपयोगी. परंतु स्टेनच्या मॅगझिनमध्ये काडतुसांच्या दोन रांगा वर येताना एकीत मिसळत आणि तेथेच त्या अडकत. मॅगझिन लावलेली स्टेन आपटली तर आतला जड बोल्ट झटक्याने मागे सरून आपोआप गोळी सुटण्याची भीती असे. या दोषांवर उत्तर शोधले जॉर्ज पॅचेट या तंत्रज्ञाने. इंग्लंडमधील डॅगनहॅमच्या स्टर्लिंग कंपनीत त्याने जी कार्बाईन सिद्ध केली, ती १९५३ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारली आणि १९५६ मध्ये तिला अखेरचे रूप मिळाले. तीच पुढे भारताने घेतली आणि कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत तिचे उत्पादन झाले. आमच्या नोंदवहीत तिचे नाव 'कार्बाईन ९ एमएम १ए१' असे होते. लोक मात्र सवयीने तिलाही स्टेनगनच म्हणत. वर्तमानपत्रांत आजही पुष्कळदा तसेच छापून येते.

तिची मापे सांगतो. वजन सुमारे २.७ किलो. दस्ता उघडल्यावर लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर, मिटल्यावर सुमारे ४८. मॅगझिनमध्ये ३४ काडतुसे. मिनिटाला साधारण ५५० फैरींचा वेग. मागच्या निशाणीला दोनच घरे, एक १०० चे आणि दुसरे २०० चे. दोनशेचे घर होते खरे, पण माझ्या मते ते आशावादी माणसाने बसवले असावे. पिस्तुलाच्याच ९ मिलिमीटर काडतुसावर चालणारे हे शस्त्र. शंभर पावलांच्या आत ते खरे, त्यापलीकडे नशीब.

वापरणाऱ्याचे अनुभव

आता तिचे गुण सांगतो. पॅचेटने दोन गोष्टी अशा केल्या की, त्यांच्यासाठी मी त्याला मनोमन नमस्कार करतो. एक म्हणजे, बोल्टच्या अंगावर त्याने स्क्रूच्या आट्यांसारखे तिरपे उंचवटे ठेवले. बोल्ट पुढेमागे होताना आत शिरलेली माती, वाळू आणि दारूची काजळी त्या उंचवट्यांनी खरवडली जाते आणि बाहेर ढकलली जाते. दुसरी गोष्ट मॅगझिनच्या आत आहे. काडतुसांना वर ढकलणारी सपाट पट्टी असते, तिच्याऐवजी त्याने दोन छोटी रुळे बसवली. त्यामुळे घर्षण घटले, काडतुसे दोन्ही बाजूंनी आलटून पालटून सुरळीत वर येऊ लागली आणि स्टेनचा मोठा दोष गेला. पावसाळ्यात चिखलातून आलेल्या कार्बाईनी मी हाताने उघडल्या आहेत. आतला चिखल पाहून वाटे की ही आता चालणार नाही, पण ती चाललेली असे. रचनेच्या दृष्टीने तिच्यावर भरवसा ठेवावा, अशीच ती होती.

मॅगझिन डाव्या बाजूला आडवे. याचा एक फायदा असा की, जमिनीवर पालथे पडून गोळी झाडताना मॅगझिन मातीला टेकत नाही, त्यामुळे डोके आणि शरीर खाली ठेवता येते. तोटा असा की, चालताना वजन एका अंगाला झुकते. झुडपात, दाराच्या चौकटीत, पाठीवरच्या पट्ट्यात ते अडकते. नवा जवान डावा हात नेमका त्या मॅगझिनवर ठेवतो, कारण ते धरायला मुठीसारखे वाटते. तसे धरले की मॅगझिन हलते आणि काडतूस तिरके चढते. हात ठेवायचा तो नळीवरच्या भोकाभोकांच्या आवरणावर. ते तापते, पण तेथेच ठेवायचा. उस्ताद हे शंभरदा सांगत आणि शंभरदा सांगावे लागे.

दस्त्याविषयी सांगायचे तर तो नळीखाली दुमडतो. उघडला की खटकन जागी बसतो आणि पक्का बसतो. अमेरिकन कार्बाईनची डगमग येथे नाही. मात्र तो उघडण्या-मिटण्याची रीत हाताला बसेपर्यंत बोटांना चिमटे बसतातच. अंधारात, घाईत, हातमोजे घालून ते काम करायचे असेल तर सराव हवा. थंडीत लोखंडी दस्ता गालाला लागला की कातडी भाजल्यासारखी वाटे. काही जवान त्याच्याभोवती कापडाची पट्टी गुंडाळत. तपासणी आली की ती काढावी लागे आणि साहेब गेले की ती पुन्हा गुंडाळली जाई. अशा गोष्टी कोणत्याही पुस्तकात लिहिलेल्या नसतात, पण शस्त्राचे खरे परीक्षण त्यातच असते.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. या प्रकारच्या शस्त्रात चाप ओढण्यापूर्वी बोल्ट मागे थांबलेला असतो. चाप ओढला की तो जड बोल्ट पुढे धावतो आणि त्या धक्क्याने पहिल्या गोळीचा नेम थोडा हलतो. शिवाय अशा शस्त्राशी निष्काळजीपणा चालत नाही. गरज नसताना मॅगझिन लावायचे नाही आणि लावले असेल तर शस्त्र जमिनीवर आपटायचे नाही. पलटणीत परतल्यावर मॅगझिन आधी काढायचे, मग बाकी सारे. हा नियम मोडणाऱ्याला मी कधी क्षमा केली नाही.

उपसाधने: लहान वस्तू, मोठे काम

शस्त्राबरोबर जी सामग्री मिळे, तिला आम्ही फारसे महत्त्व देत नसू. खांद्याचा पट्टा, मॅगझिनचे पाकीट, संगीन, तेलाची बाटली, नळी साफ करण्याची दोरी आणि तिला लावायची चिंदी. आजच्या पिढीला हे ऐकून हसू येईल. आजच्या कार्बाईनीवर वरखाली आणि बाजूंना खाचांच्या पट्ट्या असतात. त्यांना 'पिकॅटिनी रेल' म्हणतात. तिच्यावर लाल ठिपक्याची दुर्बीण, विजेरी, लेझर असे काय हवे ते बसवता येते. आमच्या काळी रात्रीच्या गस्तीला विजेरी हवी असेल तर ती चिकटपट्टीने नळीच्या आवरणाला बांधली जाई आणि चार फैरी झाडल्या की लोंबकळू लागे. तेव्हा नव्या सोयींना माझा विरोध नाही. ज्याने चिकटपट्टीची विजेरी वापरली, तो त्या सोयींना विरोध कसा करील?

माझे म्हणणे एवढेच की, प्रत्येक उपसाधनाला वजन असते आणि प्रत्येक बॅटरीला आयुष्य असते. जे उपसाधन संपल्यावर शस्त्र निकामी होते, ते आधी तपासले पाहिजे. दुर्बिणीची बॅटरी संपली तर जवान लोखंडी माशीवरून नेम धरू शकतो. पट्टा तुटला तर तो शस्त्र हातात धरील. पण मॅगझिनचा ओठ वाकला तर काय करील? मॅगझिनच्या तोंडाशी पत्र्याच्या दोन पातळ कडा असतात, काडतूस त्यांच्यामध्ये धरलेले असते. त्यांना मी ओठ म्हणतो. ते केसभर वाकले तरी काडतूस योग्य कोनात उभे राहत नाही. बोल्ट पुढे धावतो, काडतुसाला चुकवतो आणि रिकाम्या नळीवर आदळतो. आवाज होतो तो फक्त लोखंडाचा.

तो आवाज मी स्वतः ऐकलेला नाही. दुसऱ्याने ऐकला आणि तो माझ्यामुळे ऐकला. ती गोष्ट आज सांगतो.

वही पुरी झाली

१९८७ साल. आमची पलटण ईशान्य भारतात होती. मी नाईक होतो आणि कोताचा भार माझ्याकडे होता. मॅगझिनची तपासणी करताना एका मॅगझिनचा ओठ मला किंचित वाकलेला दिसला. मी ते बाजूला ठेवले. आर्मररला दाखवायचे, असे मनात होते. दोन दिवसांनी संध्याकाळी एक गस्त अचानक निघाली. शस्त्रे देताना मॅगझिनच्या मोजणीत एक कमी पडले. बाहेर पाऊस, दारात जवानांची रांग, वर घाईचा हुकूम. वहीतला आकडा जुळला पाहिजे, एवढेच त्या क्षणी माझ्या डोक्यात होते. बाजूला ठेवलेले ते मॅगझिन मी उचलले आणि रांगेत जो पुढे होता त्याच्या हाती दिले. आकडा जुळला. वही पुरी झाली. मी सही केली.

तो वायरलेसवाला होता. साताऱ्याकडचा, वीस-एकवीस वर्षांचा पोरगा. रात्री गस्तीवर गोळीबार झाला. त्याने कार्बाईन उचलली, चाप ओढला आणि लोखंडाचा तो आवाज झाला. त्याने शिकवल्याप्रमाणे बोल्ट मागे ओढला, मॅगझिन ठोकून बसवले, पुन्हा चाप ओढला. पुन्हा तोच आवाज. तिसऱ्या वेळी तो मॅगझिन बदलत असताना त्याच्या डाव्या हाताला गोळी लागली. शेजारच्या जवानांनी त्याला ओढून आडोशाला नेले. तो वाचला, पण त्या हाताची तीन बोटे गेली आणि त्याचे सैनिकी आयुष्य तेथेच संपले.

पहाटे गस्त परतल्यावर ती कार्बाईन माझ्याकडे जमा झाली. मी मॅगझिन उजेडात धरले आणि मला कळले. कोणी विचारण्याआधी मी कंपनी कमांडर साहेबांसमोर उभा राहिलो आणि सारे सांगितले. मला शिक्षा झाली. ती कमीच होती, असे मला वाटते.

चार दिवसांनी मी त्याला लष्करी रुग्णालयात भेटायला गेलो. काय बोलायचे ते ठरवून गेलो होतो, पण त्याच्या खाटेजवळ उभा राहिल्यावर शब्द फुटेना. त्यानेच विचारले, "उस्ताद, माझं हत्यार जमा झालं ना?" मी हो म्हणालो. मग मी त्याला मॅगझिनची हकिकत सांगितली. तो बराच वेळ छताकडे पाहत राहिला. नंतर म्हणाला, "पुढच्याला देताना बघून द्या, उस्ताद." एवढेच. त्याने मला क्षमा केली की नाही, हे मी आजपर्यंत त्याला विचारलेले नाही. त्याचे शब्द मात्र मी हुकूम म्हणून घेतले.

त्या दिवसापासून आमच्या कोतात प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक आला. सदोष मॅगझिनवर तांबड्या रंगाचा फराटा मारायचा आणि ते वेगळ्या कुलुपात ठेवायचे, म्हणजे घाईतही हाताला लागणार नाही. मोजणीत संख्या कमी पडली तर वहीत कमीच लिहायची आणि अधिकाऱ्यांना सांगायचे. जुने जवान ३४ च्या मॅगझिनमध्ये चार-सहा काडतुसे कमी भरत, म्हणजे स्प्रिंगवर ताण येत नसे. ती पद्धत आम्ही सर्वांना लावली. भरलेली मॅगझिने ठरावीक दिवसांनी रिकामी करून तपासायची. वाळवंटात तेल कमी, कारण तेलाला वाळू चिकटते. दमट डोंगरात तेल रोज, कारण गंज रात्रीत चढतो. बर्फात तेल नावापुरते, कारण ते गोठून घट्ट होते. यातले काहीही नवे नव्हते. सारे पुस्तकात होते. फक्त पुस्तक आणि हात यांच्यामध्ये एक वही आली होती आणि त्या वहीला आकडे जुळलेले आवडत होते.

इतरांनीही हीच किंमत मोजली

ही केवळ माझी किंवा आपल्या देशाची चूक आहे, असे समजू नका. अमेरिकेसारख्या संपन्न राष्ट्राने १९६० च्या दशकात व्हिएतनाममध्ये आपल्या सैनिकांना एम१६ ही नवी रायफल दिली. तिला सफाई फारशी लागत नाही, असा समज पसरलेला होता आणि साफसफाईचे साहित्य पुरेसे पाठवलेच गेले नाही. त्यातच काडतुसातील दारू बदलली होती. नळीच्या मागच्या घराला गंज रोखणारा क्रोमचा मुलामा नव्हता. जंगलातल्या दमट हवेत रायफली अडकू लागल्या आणि सैनिक मेले. १९६७ मध्ये अमेरिकन संसदेच्या उपसमितीला या प्रकरणाची चौकशी करावी लागली. नंतर क्रोमचा मुलामा आला, सफाईचे साहित्य आले, प्रशिक्षण आले आणि तीच रायफल विश्वासू ठरली. ब्रिटिशांनी स्टर्लिंग सोडून १९८५ पासून एसए-८० ही रायफल घेतली. तिच्याही तक्रारी इतक्या आल्या की, २००० नंतर तिची मोठी दुरुस्ती करावी लागली, त्यात मॅगझिनही बदलले गेले. आपल्याकडे १९९९ च्या कारगिल युद्धात इन्सास रायफलीच्या प्लास्टिकच्या मॅगझिनना थंडीत तडे जात असल्याच्या तक्रारी प्रसिद्ध झाल्या. तीन देश, तीन शस्त्रे. पण अडले कोठे? मॅगझिन, दारू, चिंदी आणि तेल यांपाशी.

नवी कार्बाईन दाराशी

हे सारे आज सांगण्याला एक कारण आहे. आमची जुनी कार्बाईन वार्धक्याला आली आणि तिची जागा घेणारे शस्त्र मिळवण्यात आपल्या देशाची बरीच वर्षे गेली. परदेशी खरेदीचे प्रस्ताव आले आणि रद्द झाले. २०१८ मध्ये सुमारे ९४ हजार कार्बाईनींसाठी परदेशी कंपनीची निवड झाली होती, तोही व्यवहार २०२० मध्ये सोडून देण्यात आला. दरम्यान आपल्या पुण्यातील पाषाण येथील एआरडीई या संस्थेने ५.५६ गुणिले ३० मिलिमीटर काडतुसावर चालणारी, आत सरकणाऱ्या दस्त्याची, सुमारे तीन किलो वजनाची कार्बाईन सिद्ध केली. २०२० च्या डिसेंबरमध्ये ती सैन्याच्या अंतिम चाचण्यांत उतरली. शस्त्र कानपूरचे आणि काडतुसे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. महू येथील इन्फंट्री स्कूलचे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी एआरडीईच्या साहाय्याने 'अस्मि' हे ९ मिलिमीटरचे आखूड स्वयंचलित शस्त्र चार महिन्यांत घडवले. त्याचा वरचा भाग विमानासाठी वापरतात त्या ॲल्युमिनियमचा आणि खालचा कार्बन फायबरचा आहे. २०२२ मध्ये सुमारे चार लाख कार्बाईनींच्या खरेदीला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि डिसेंबर २०२५ मध्ये सव्वाचार लाखांहून अधिक कार्बाईनींचे करार दोन भारतीय कंपन्यांशी झाले. त्यांपैकी एक पुण्याची भारत फोर्ज आहे.

या बातम्यांनी माझ्यासारख्या जुन्या माणसाची छाती भरून येते. ज्या देशाने माझ्या तरुणपणी दुसऱ्याच्या आराखड्यावर कार्बाईन बनवली, तो देश आज स्वतःचा आराखडा करतो, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु मी कोताचा माणूस आहे. सव्वाचार लाख हा आकडा ऐकला की मला माझी वही आठवते. आकडा जुळला म्हणजे काम झाले, असे मानण्याचा मोह किती मोठा असतो, हे मला ठाऊक आहे.

म्हणून आपणांपैकी जे कारखान्यांत काम करतात, जे लिहितात, जे लोकप्रतिनिधींना भेटतात, त्यांना मी तीन प्रश्न देतो. ते विचारत राहा. पहिला, एका शस्त्रामागे मॅगझिने किती आणि खराब झालेली बदलून मिळायला किती दिवस लागतात? दुसरा, सुटे भाग, म्हणजे स्प्रिंगा, साफसफाईचे साहित्य, दुर्बिणीच्या बॅटऱ्या, हे जवानाच्या ठाण्यापर्यंत पोहोचतात की भांडारातच राहतात? तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, सरावासाठी काडतुसे किती मिळतात? मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्ला झाला, त्यानंतर नेमलेल्या प्रधान समितीसमोर पोलिसांना सरावासाठी दारूगोळा पुरेसा मिळत नसल्याचा विषय आलाच होता. त्या रात्री तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ लाठी असताना जे केले, त्यापुढे आपण सारे नतमस्तक आहोत. पण वीराच्या छातीवर विसंबून व्यवस्थेने झोपायचे नसते. शौर्य त्यांनी द्यावे, चालणारे शस्त्र आपण द्यावे, असा हा व्यवहार आहे.

पूजेचा अर्थ

बंधू-भगिनींनो, शेवटचे सांगून थांबतो. माझे वडील शेतकरी होते. खंडेनवमीला आमच्या घरी कोयता, विळा, कुऱ्हाड आणि नांगराचा फाळ अंगणात मांडला जाई. पण त्याच्या आदल्या दिवशी आई ती सारी हत्यारे राखेने घासून घेई, वडील धार लावत, सैल दांडा पाचर मारून घट्ट करत. लहानपणी मला वाटे की ही पूजेची तयारी आहे. कोतात आयुष्य गेल्यावर उमगले की पूजा तीच होती. दुसऱ्या दिवशीची फुले ही तिची केवळ समाप्ती.

निवृत्त होताना मी एक वस्तू मागून घेतली. नियमाप्रमाणे मोडीत काढलेल्या, निकामी केलेल्या मॅगझिनचा एक पत्र्याचा तुकडा. त्याच्यावर तांबड्या रंगाचा फराटा आहे. आमच्या देवघरात टाकाच्या शेजारी तो ठेवलेला आहे. आज सकाळी मी त्यालाही फूल वाहिले. माझ्या नातवाने विचारले, "आजोबा, हे काय आहे?" मी त्याला म्हणालो, "बाळा, ही आजोबांची चूक आहे. विसरू नये म्हणून पूजेत ठेवली आहे."